गावातली आघाडी: पुन्हा उभी करावी का?

पाणवठा

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगतो. गेले दोन आठवडे हे डोक्यातून जात नाही आणि गावात कुणाशी मोकळेपणी बोलावं अशी परिस्थिती नाही.

आमचं गाव नदीकाठचं, लहान, क वर्ग नगरपरिषदेचं. नाव लिहीत नाही, कारण यातली बरीच माणसं मला अजून रोज चहाला भेटतात. २०१६ साली आम्ही दहा-बारा जणांनी मिळून शहर आघाडी काढली. दोन शिक्षक, एक मेडिकलवाला, एक निवृत्त ओव्हरसियर, बचत गटाच्या दोघी, आणि हिशेब बघायला मी. बॅनरवर कुठल्याही आमदार-खासदाराचा फोटो लावायचा नाही, एवढंच पहिल्या बैठकीत ठरलं. मागणी एकच होती: पाणी रोज आणि ठरल्या वेळी. तेव्हा आमच्या पेठेत चार दिवसांआड पाणी यायचं.

८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि आमचं मतदान २७ ला होतं. जुन्या नोटा घरपट्टी-पाणीपट्टीला चालत होत्या, त्यामुळे वसुलीच्या खिडकीपुढे कधी नव्हे ती रांग लागली. आम्ही त्याच रांगेत पत्रकं वाटली. लोक ताटकळत उभे होते, वाचायला वेळ होता. इतकं लक्ष देऊन आमचं पत्रक त्याआधी कुणी वाचलं नव्हतं.

आता चुका. आम्ही स्वतःला आघाडी म्हणत होतो, पण कुठेच नोंदणी केली नव्हती. कागदावर सगळे अपक्ष. एका प्रभागात दोन जागा आणि वर थेट नगराध्यक्ष, म्हणजे मतदाराला तीन मतं. आमच्या प्रभागात अ जागेला नारळ हे चिन्ह मिळालं, ब जागेला कपबशी, नगराध्यक्षाला शिट्टी. 'नारळ, कपबशी, शिट्टी' घोकत आम्ही गल्लीबोळ पालथे घातले. मतदानादिवशी शेजारच्या आजी केंद्रातून बाहेर आल्या आणि मोठ्या समाधानानं म्हणाल्या, "नारळाला दाबलं बाबा. पुढच्या दोन्हीकडं नारळ न्हवताच, मग खालचं शेवटचं दाबून टाकलं." खालचं शेवटचं म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'. ती ब जागा आम्ही १९ मतांनी घालवली.

तरी १७ पैकी ४ आले. गावानं चौघांना खांद्यावर घेतलं.

निकालानंतर महिन्याच्या आत गट नोंदवायचा असतो, हे आम्हाला विसाव्या दिवशी कळलं. चौघांच्या सह्या हव्या होत्या. दोघे देवदर्शनाला गेलेले, फोन बंद. परत आले तेव्हा मुदत उलटून गेली होती. दीड वर्षात तेच दोघे सत्ताधाऱ्यांच्या बाजूच्या खुर्च्यांवर बसू लागले. पक्षप्रवेश नाही, हार-तुरे नाहीत, फक्त ठरावाला हात वर. आम्ही तक्रार करून पाहिली, पण ते कुठल्या पक्षात 'गेले' असं सिद्ध करता येईना. उरलेले दोघे पाच वर्षं विरोध नोंदवत राहिले. त्यातले एक आता हयात नाहीत.

पुढे मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. अखेर २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, मतमोजणी २१ ला. यावेळी आघाडी नव्हतीच. आमचा एक जण एकटा उभा राहिला आणि पडला. आता तीच माणसं घरी येऊन म्हणतात, परत काढा, यावेळी आम्ही आहोत. पाणी आजही दोन दिवसांआड येतं.

काढावी का? आणि काढायची तर कशी, की परत चार खुर्च्यांसाठी गाव आशेला लागायला नको? ज्यांनी आघाडीचं राजकारण जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा.

अजिंक्यतारा

साताऱ्याचा आहे, त्यामुळे 'आघाडी' हा शब्द पाळण्यातच ऐकला. सातारा विकास आघाडी उदयनराजेंची, नगर विकास आघाडी शिवेंद्रसिंहराजेंची. आमच्याकडे लोक साविआ आणि नविआ असंच म्हणतात. २०१६ ला ४० जागांत साविआ २२, नविआ १२ आणि भाजप ६. त्याआधी मनोमिलनाची, म्हणजे दोन्ही राजांच्या समेटाची वर्षं होती, तेव्हा दोन्ही आघाड्या एकत्र कारभार करत होत्या. पुढे दोन्ही राजे भाजपमध्ये गेले आणि २०२५ ला दोन्हीकडची माणसं कमळावर लढली.

पाणवठा, मला यातून जे दिसतं ते सरळ सांगतो. आमच्याकडच्या आघाड्या कधी पक्षाला पर्याय नव्हत्याच. वरच्या राजकारणात नेता कुठल्याही पक्षात असो, गावातली आपली माणसं एका नावाखाली राहावीत, यासाठी ती सोय होती. ते काही पाप नाही. त्यातून चांगले नगरसेवकही झाले, मी स्वतः एकाला तीनदा मत दिलंय. पण नेत्यानं चिन्ह बदललं की आघाडी विरघळते. तुमच्याकडे नेताच नव्हता, म्हणून तुमची गोष्ट मला वेगळी वाटते. ती टिकवायला माणसाऐवजी दुसरं काहीतरी लागेल, एवढंच.

शेजारी कराडला बघा: जनशक्ती, लोकशाही, यशवंत अशी आघाड्यांचीच नावं. २०१६ ला थेट निवडून आलेल्या नगराध्यक्ष भाजपच्या आणि सभागृहात बहुमत जनशक्ती आघाडीचं. मतदारानं दोन वेगळी उत्तरं दिली आणि ती पाच वर्षं एका छताखाली नांदवावी लागली.

काळा कोट

पाणवठा, तुमची तक्रार का टिकली नाही ते लिहितो. हे प्रत्येक आघाडीवाल्यानं वाचायला हवं.

१९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. आपल्या पालिकांचा पक्षांतरबंदी कायदा तोच. त्यात 'आघाडी' या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे: स्थानिक निवडणुकीत उमेदवार उभे करण्यासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींचा गट. म्हणजे तुमच्यासारख्या दहा-बारा जणांना कायद्यानं पक्षाच्याच पंगतीत बसवलंय. अट एवढीच की ती आघाडी कागदावर दिसली पाहिजे. निवडणुकीआधी जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवा, अर्ज भरताना तसं लिहा, निकालानंतर गटनेत्यानं सदस्यांची यादी विहित नमुन्यात द्यावी. मग व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, लागू होतो. कुणी आघाडी सोडली किंवा पक्षादेश मोडून मतदान केलं आणि पंधरा दिवसांत ते माफ झालं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. नगरपरिषदेच्या बाबतीत निर्णय जिल्हाधिकारी देतात.

अपक्षाचं वेगळं आहे. तो निवडून आल्यावर कुठल्या पक्षात किंवा आघाडीत सामील झाला तर अनर्ह, म्हणजे अपात्र ठरतो. पण 'सामील झाला' हे सिद्ध करायला लागतं. ठरावाला हात वर करणं म्हणजे सामील होणं नाही. तुमचे दोघे इथूनच सुटले.

महिन्याची मुदत म्हणताय ती १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम ६३ मधली. विषय समित्या आणि स्वीकृत (निवडणूक न लढवता घेतलेले) सदस्य प्रत्येक गटाच्या तौलनिक संख्याबळावर ठरतात, म्हणून निकालानंतर एकत्र येऊन आघाडी नोंदवायची ही सोय ठेवलीय. यावर कोर्टात पुष्कळ वाद झालेत. माझा सल्ला: तिच्यावर विसंबूच नका. सह्या निवडणुकीआधी घ्या, तेव्हा सगळ्यांनाच सही करायची असते.

राज्य निवडणूक आयोगाकडे पक्ष म्हणून नोंदणीही करता येते, पण मग दरवर्षी हिशेब आणि विवरणपत्रं द्यावी लागतात. २०१६ मध्येच आयोगानं ही कागदपत्रं न दिलेल्या १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली होती. त्यातले किती जण गावोगावचे असतील याचा अंदाज करा. हिशेब बघणारा माणूस तुमच्याकडे आहे, ही जमेची बाजू.

ओसरी

मी एका नगरपरिषदेत एक टर्म नगरसेविका होते. आघाडीकडून, महिला राखीव जागेवर. गाव सांगत नाही.

पहिल्या वर्षी मी सभेत तोंड उघडलं नाही. अजेंडा घरी यायचा, त्यावर चाळीस-पन्नास विषय. 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' हा शेवटचा, आणि खरी कामं त्यातच. मी ह्यांना विचारायचे, हे म्हणायचे सही करून टाक. एकदा आमच्याच गल्लीतल्या गटाराचं बिल मंजुरीला आलं. लांबी लिहिली होती १८० मीटर. मी त्या गल्लीत लग्न होऊन आले, रोज तिथून पाणी भरलं, ती गल्ली एवढी लांब नाही हे मला डोळे मिटूनही कळतं. शिलाईची टेप पुरणार नव्हती, म्हणून गवंड्याकडून मोठी टेप मागून आणली. एक टोक माझ्या मुलीनं धरलं, दुसरं मी. १४२ भरलं. परत मोजलं. तरी १४२. मग अर्ज देऊन मोजमाप पुस्तकाची नक्कल मागितली. एमबी म्हणतात तिला. तिच्यातही १८० च.

सभेत मी एवढंच म्हणाले की सगळ्यांनी आत्ता उठून चला, मोजू या, दहा मिनिटं लागतील. कुणी उठलं नाही. पण बिल त्या दिवशी मंजूर झालं नाही आणि पुढे १४२ मीटरचंच निघालं. त्यानंतर माझ्या घरी बायका टेप मागायला यायला लागल्या.

हे सांगण्याचं कारण असं की त्या टर्ममध्ये आघाडीनं मला एकदाही बोलावलं नाही. निवडून येईपर्यंत रोज बैठक, नंतर थेट पाच वर्षांनी. मला कुणी आधी अंदाजपत्रक वाचायला शिकवलं असतं तर पहिलं वर्ष वाया गेलं नसतं. आघाडी काढणार असाल तर निवडून आलेल्या बाईच्या हातात पहिल्या महिन्यात अधिनियमाचं पुस्तक आणि टेप द्या. तिच्या नवऱ्याच्या हातात नको.

खंबाटकी

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून नमस्कार.

तरीही मी विरोधी बाजू मांडणार आहे, कारण इथे सगळे पैशाचा विषय टाळताहेत. पाण्याची योजना क वर्ग नगरपरिषदेच्या घरपट्टीतून होत नाही. प्रस्ताव करायचा, राज्याच्या जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मंजुरी घ्यायची, नगरोत्थानसारख्या सरकारी निधीच्या योजनेत बसवायचा आणि मंत्रालयात पाठपुरावा करायचा. रस्ते, बागा, सभागृहं 'वैशिष्ट्यपूर्ण' कामांच्या सरकारी अनुदानातून येतात. उरलेलं जिल्हा नियोजन आणि आमदार निधी. या प्रत्येक दारावर कुणीतरी विचारतं, तुम्ही कुणाचे? 'आम्ही गावचे' हे उत्तर ऐकायला छान आहे, पण फाईल पुढे सरकत नाही. मी हे एका नगरपरिषदेत बारा वर्षं ठेकेदाराकडे काम करताना पाहिलंय.

स्थानिक पक्षाचं मोठ्यात मोठं उदाहरण घ्या. वसई-विरार महापालिकेत २०१५ ला बहुजन विकास आघाडीच्या ११५ पैकी १०६ जागा. पण त्याच वेळी विधानसभेत त्यांचे स्वतःचे तीन आमदार होते. ते दार आतून उघडत होतं. कोल्हापुरात त्याच वर्षी ताराराणी आघाडीनं महापालिकेत १९ जागा जिंकल्या, तीही भाजपशी युती करून. वरचा हात नसलेली, फक्त गावची आणि तरी पाणी आणून दाखवलेली आघाडी कुणी सांगा. मला खरंच ऐकायचंय.

आजरा रोड

गडहिंग्लजचं उदाहरण देतो. आघाडी म्हणून नाही, पण मुद्द्याला धरून आहे. राज्यात जनता दल जवळपास दिसेनासं झालं तरी आमच्याकडे ते टिकलं, ते इथले नेते श्रीपतराव शिंदे यांच्यामुळे. २०१६ ला स्वाती कोरी जनता दलाकडून थेट नगराध्यक्ष झाल्या. नाव राष्ट्रीय पक्षाचं, पण प्रत्यक्षात गावचा पक्ष. इथे आंदोलनं व्हायची, मोर्चे निघायचे, शेतकऱ्यांच्या प्रश्नावर लोक रस्त्यावर यायचे, आणि निवडणूक त्याच्या मागून यायची. माझे वडील त्या मोर्चांना जायचे, एकही निवडणूक न लढवता. घरात चपला काढतानाच सांगायचे आज किती लोक होते ते.

पाणवठा, तुमच्या आघाडीत असे न लढणारे किती होते?

दूरदेशी

मी गेली अकरा वर्षं इंग्लंडात सॉमरसेटमध्ये राहतो, मूळचा वाईचा. इथून जवळच फ्रोम नावाचं गाव आहे. वस्ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या क वर्गाएवढंच. तिथे २०११ मध्ये काही लोकांनी 'फ्रोमसाठी अपक्ष' असा गट काढला आणि गावाच्या कौन्सिलच्या १७ पैकी १० जागा जिंकल्या. २०१५ ला १७ पैकी १७, २०१९ ला पुन्हा सगळ्या.

त्यांचं वैशिष्ट्य असं की गटात व्हीप नाही. एकत्र कसं वागायचं याचे नियम त्यांनी आधी लिहून काढले आणि उमेदवारांनी ते मान्य केले: मतभेद उघड मांडायचे, मत बदललं तर तसं सांगायचं, वैयक्तिक टीका करायची नाही. जाहीरनामा जवळजवळ नाहीच. २०१६ मध्ये त्यांनी रस्त्यालगत सार्वजनिक फ्रीज ठेवला, ज्याला जे उरेल ते त्यानं ठेवावं, लागेल त्यानं न्यावं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आत पाव, दोन लिंबं आणि दह्याचे डबे होते. शेजारी एक आजोबा तारखा तपासत उभे होते.

खंबाटकी यांचा मुद्दा इथेही लागू पडतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. या कौन्सिलकडे अधिकार थोडे आहेत. बागा, सभागृहं, छोटी अनुदानं. शाळा, मोठे रस्ते आणि कचरा वरच्या संस्थांकडे. पण करात गावाचा स्वतःचा हिस्सा असतो, त्यामुळे आपल्यापुरत्या पैशासाठी कुणाच्या दारी उभं राहावं लागत नाही.

काळा कोट

दूरदेशी, व्हीप नको हे ऐकायला बरं वाटतं, पण तिथे नगरसेवक फोडायला कुणी पाकीट घेऊन येत नसावं. आपल्याकडे व्हीप नसेल तर निकालाच्या रात्री गाड्या दाराशी येतात आणि सहल नगराध्यक्षाच्या निवडीपर्यंत चालते. थेट निवडीमुळे ते कमी झालं, पण तोही नियम २०१६ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. उद्याचं कुणी सांगावं.

ओसरी

वकीलसाहेब, दोन्ही लागेल की. व्हीप फक्त दोन गोष्टींसाठी ठेवा, अंदाजपत्रक आणि पदाधिकारी निवड. बाकी विषयांवर माणसाला आपल्या प्रभागासाठी बोलू द्या. मला आघाडीच्या व्हीपमुळे एकदा माझ्याच गल्लीच्या विरोधात हात वर करावा लागला होता. त्या संध्याकाळी मी मागच्या बोळानं घरी गेले.

पाणवठा

सगळ्यांचे आभार. तीन दिवस लिहिलं नाही, कारण तुमचे प्रतिसाद छापून मी मेडिकलच्या वरच्या खोलीत नेले होते. अकरा जण आले. पैकी सात जुने.

आजरा रोड, तुमच्या प्रश्नानं मला झोप लागली नाही. न लढणारे आमच्यात किती होते? मोजले. तीन. ओव्हरसियर, मी, आणि बचत गटातल्या एक. बाकी सगळे उमेदवार किंवा उमेदवाराचे भाऊ. पडले ते घरी गेले, जिंकले त्यांना एकटं सोडलं. ते दोघे तिकडे का गेले हे मी दहा वर्षं 'पैसा' या एका शब्दात सांगत आलो. त्यातल्या एकाशी या आठवड्यात पहिल्यांदा नीट बोललो. तो म्हणाला, "दीड वर्षात तुमच्यातला एक तरी माझ्या प्रभागात आला का? नळाला पाणी नाही म्हणून बायका माझ्या दारात उभ्या. सत्तेतल्यांनी टँकर दिला. मी गेलो." त्याचं सगळंच मला पटलं असं नाही. पण त्याच्या प्रभागात आम्ही गेलो नव्हतो, हे खरं आहे.

खंबाटकी, पाणी आणून दाखवलेली आघाडी मला माहीत नाही. पण आमच्या गावात पाणी कमी नाही हे ओव्हरसियर काका दहा वर्षं सांगताहेत. टाकी भरते. पुढे कुठला व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो हे कुणी लिहूनच ठेवत नाही. मोठ्या पेठेला दीड तास, खालच्या आळीला पंचवीस मिनिटं. यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही. पाणीपुरवठा समितीत एक माणूस आणि हातात एक वही पुरते. नवी योजना आमदाराशिवाय होणार नाही, हे मान्य. त्यासाठी आमदाराकडे जाऊ, जो असेल त्याच्याकडे, सगळे मिळून.

बैठकीत ठरलं ते असं. आघाडी काढायची, पण पाच वर्षं आधी. नियमावली लिहायची, व्हीप ओसरीताई म्हणतात तसा दोनच विषयांवर. नोंदणीचे कागद आत्तापासून तयार ठेवायचे. अध्यक्ष आणि चिटणीस निवडणूक लढवणार नाहीत. चिटणीस मी, त्यामुळे माझा प्रश्न मिटला. वर्गणी महिना शंभर रुपये, हिशेब दर तिमाहीला मेडिकलच्या काचेवर लावायचा. अंदाजपत्रकाची नक्कल मागणारा अर्ज काल दिला, पोच घेतली. चिन्हाबद्दल मात्र भांडण झालं. आजींमुळे सगळ्यांना नारळच हवाय.

आणि वही सुरू झाली. प्रत्येक आळीत एका घरानं पाणी आलं-गेलं याची वेळ लिहायची. खालच्या आळीचं घर त्या जुन्या नगरसेवकाचं. त्यानंच मागून घेतलं. त्याची पहिली नोंद अशी: सोमवार, पहाटे ५.४० ते ६.०४, धार बारीक, वरच्या मजल्यावर चढलं नाही.

खंबाटकी

२४ मिनिटं. महिनाभर लिहा आणि मग मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. व्हॉल्व्हच्या वेळापत्रकाचा ठराव कसा मांडायचा, कुठल्या विषयपत्रात घ्यायला लावायचा, ते मी सांगतो. बारा वर्षं तेच बघितलंय.

काळा कोट

नियमावलीचा मसुदा पाठवला आहे. अकरा जणांच्या सह्या याच आठवड्यात घ्या. कुणी देवदर्शनाला जाणार असेल तर आधी सही.